मुक्याचा मुखत्यार

ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलावे कोणी, हा प्रश्न कायद्याने फार पूर्वीच सोडविला आहे, अशी आम्हां वकिलांची समजूत असते. अज्ञान मुलाला पालक असतो. महाराष्ट्रातील सातबाराच्या उताऱ्यावर ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरे दिसली की तलाठ्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांना कळते, की जमीन मुलाची आहे आणि सही मोठ्याची आहे. बुद्धिभ्रंश झालेल्या माणसालाही न्यायालय पालक नेमून देते. आपल्या देवस्थानांत तर ही व्यवस्था अधिकच हृद्य आहे. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने एक ‘व्यक्ती’ आहे. तिची मिळकत असते, तिच्या नावाने दावे चालतात. परंतु ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभी राहत नाही. म्हणून बंगालात शेबाईत असतो, आणि गोव्यात महाजन आपल्यातूनच देवस्थानचा मुखत्यार निवडतात. देव मुका, आणि मुखत्यार त्याचे मुख.

हे सारे आठवण्यास जे कारण झाले, ते कोणाला क्षुल्लक वाटेल. ते कारण म्हणजे कुत्र्याचा खोकला.

गेल्या काही दशकांत आपल्या वस्त्यांतून, मग ते मडगाव असो की बेळगाव, इंदूर असो की बडोदे, मध्यमवर्गीय घरांतील कुत्रा अंगणातून ओसरीवर आणि ओसरीवरून माजघरात आला. अंगणातला कुत्रा क्वचितच म्हातारा होत असे, माजघरातला होतो. आणि म्हातारपणाबरोबर येणाऱ्या व्याधींत जुनाट खोकला व श्वासाचा त्रास ही एक नित्याची व्याधी आहे. रात्री दोन वाजता खोकल्याची उबळ येते, ते पोर मान लांब करून, कोपरे फाकवून उभे राहते, आणि घरधनी अंथरुणात उठून बसतो. त्या घटकेला त्या घरात एक मुका पक्षकार असतो व एक मुखत्यार असतो. आणि मुखत्यारपत्र कोणी, कोणत्या अटींवर लिहून दिले, हे दोघांपैकी कोणालाही ठाऊक नसते. त्या मुखत्याराने वागावे कसे? औषध पशुवैद्य देईल. परंतु कोणते दुःख सोसावयास लावावयाचे, कोणते टाळावयाचे व किती काळ, हे पशुवैद्य ठरवीत नाही. ते घरधनी ठरवितो, आणि म्हणून हा प्रश्न नीतीच्या प्रांतात येतो.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहिले पाहिजे, कारण वस्तुस्थिती ठाऊक नसताना केलेली दया ही बहुधा चुकीच्या पत्त्यावर पाठविलेली मनिऑर्डर ठरते. लहान जातीच्या कुत्र्यांत, विशेषतः ज्या पांढऱ्या केसाळ कुत्र्यांना आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो त्यांच्यात (आपल्याकडील त्यांतले बरेचसे खरे म्हणजे भारतीय स्पिट्झ असतात), श्वासनळी ढिली पडण्याचा विकार वारंवार आढळतो. श्वासनळी उघडी राहते ती इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या कूर्चेच्या कड्यांमुळे. कड्यांची मोकळी बाजू एका पातळ पडद्याने सांधलेली असते. ही कडी मऊ पडली की नळी चपटी होते, पडदा आत लोंबतो, आणि हवा त्या फटीतून जाऊ लागली की बदकाच्या ओरडण्यासारखा कर्कश खोकला येतो. पाणी पिताना, गळपट्टा ओढला जाताना, पाहुणा आल्याच्या आनंदात, उकाड्यात तो वाढतो. पुष्कळ घरांत पहिले काही आठवडे ‘घशात हाड अडकले असावे’ या निदानात जातात.

याच खोकल्याच्या वेषात दुसऱ्याही व्याधी येतात. श्वासनलिकांचा जुनाट दाह असतो. दुसरे कारण न सापडता दोन महिने वा अधिक काळ रोज खोकला राहिला म्हणजे वैद्य त्याचे नाव घेतात, आणि त्यात नलिकांची झालेली हानी भरून येत नाही. तिसरा आजार हृदयाचा. लहान जातींच्या वृद्ध कुत्र्यांत हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड व वाकडी होऊन गळू लागते, हृदय फुगते, आणि पुढे फुप्फुसांत पाणी साठते. याशिवाय संसर्ग आहेत, डासांतून येणारा हृदयकृमी आहे, फुप्फुसातील गाठी आहेत. क्ष-किरण चित्रे, रक्ततपासणी, प्रसंगी हृदयाची सोनोग्राफी यांवाचून हे सारे एकमेकांपासून वेगळे करता येत नाही.

आता नीतीचा प्रश्न कोठे उभा राहतो पाहा. खोकला दाबणारे औषध हे एकच. पण ढिल्या श्वासनळीच्या कुत्र्याला ते खरोखर उपकारक असते, कारण तेथे खोकलाच नळीला डिवचतो आणि डिवचलेली नळी पुन्हा खोकते. तेच औषध न्यूमोनियात किंवा कफ भरलेल्या फुप्फुसात दिले, तर बाहेर पडावयाचे ते आतच राहते. खोकला मात्र दोन्हीकडे थांबतो. दोन्हीकडे घरधन्याला झोप लागते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कृती एकसारख्याच प्रेमळ दिसतात. एकीत आपण कुत्र्याला औषध दिले, दुसरीत स्वतःला. (माणसाचे औषध परस्पर कुत्र्याला पाजणे हा तर निव्वळ धोकाच आहे, माणसांच्या खोकल्या-सर्दीच्या औषधांत असणारे पॅरासिटामॉल, स्यूडोएफेड्रिन किंवा गोडीसाठी घातलेले झायलिटॉल कुत्र्याला विषारी ठरू शकते.)

येथे मला प्रिव्ही कौन्सिलपुढील १९२५ सालचा एक खटला आठवतो. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील कुलदेवतेची सेवा भाऊबंदांकडे पाळीपाळीने होती. एका सेवेकऱ्याचे म्हणणे असे, की आपल्या पाळीच्या काळात मूर्ती आपल्या घरी नेण्याचा आपणास हक्क आहे. वाद माणसामाणसांचा होता. मूर्ती ही जणू पाळीने वापरावयाची मिळकत. प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की मूर्ती ही मिळकत नव्हे. आपण कोठे राहावे याविषयी तिचीही इच्छा मानली पाहिजे. आणि ज्यांचे हितसंबंध एकमेकांशी भांडत आहेत त्यांच्यापैकी कोणी ती इच्छा सांगणे योग्य नसल्यामुळे, देवतेच्या वतीने एक निःस्वार्थ वादमित्र नेमला जावा. ‘निःस्वार्थ’ हे विशेषण या निकालातील माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. मुक्याच्या वतीने बोलणारा पाहिजे, हे सर्वांनाच कळते. तो बोलणारा स्वतःच पक्षकार असता कामा नये, हे कळावयास खटला चालावा लागला.

कुत्र्याच्या आजारपणात घरधनी हा सर्वांत मोठा हितसंबंधी पक्षकार असतो. त्याला झोप हवी असते. औषधांचा खर्च त्याच्या खिशातून जातो. दुखणाइताला सोडून त्याला गावच्या जत्रेला जाता येत नाही. हे स्वार्थ उघडे असल्यामुळे फारसे धोक्याचे नाहीत; माणूस स्वतःशी तरी ते ओळखतो. धोक्याचा स्वार्थ तो, जो प्रेमाचे सोवळे नेसून येतो.

नामदेवांची कथा आपणां सर्वांना बालपणापासून पाठ आहे. कुत्र्याने कोरडी भाकरी पळविली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्या कथेतील कुत्रा भुकेला होता, हे आपण विसरतो. आपल्या सोफ्यावर पहुडलेला कुत्रा भुकेला नसतो. तो बहुधा लठ्ठ असतो. ढिली श्वासनळी असो, श्वासनलिकांचा दाह असो, वजन कमी करणे हा उपाय असा आहे, की पुष्कळ कुत्र्यांचा त्रास केवळ त्यानेच लक्षात येण्याइतका उतरतो. छातीवरची व पोटातली चरबी श्वासाला जागा उरू देत नाही. वैद्य हे सांगतात, घरधनी मान डोलावतो, आणि जेवताना ताटाशेजारी ते दोन डोळे दिसले की पोळीचा तुकडा खाली जातोच. ‘आता थोडे दिवस राहिलेत बिचाऱ्याचे, खाऊ दे की!’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीही पाहिले आहे. परंतु त्या तुकड्याने तृप्त कोण झाले, याची उलटतपासणी केली तर साक्षीदार गडबडून जातो. देण्यात देणाऱ्याला सुख असते. न देण्यात ते नसते, आणि या आजारात बरीचशी सेवा ही न देण्याची सेवा आहे.

गळपट्ट्याचेही तसेच. गळ्यातला पट्टा काढून छातीभोवती बसणारा हार्नेस घालणे याला फार खर्च येत नाही, आणि श्वासनळीवरचा ताण त्याने तत्काळ जातो. पण घुंगरू लावलेला तो लाल पट्टा ‘त्याला शोभून दिसतो’. कोणाला दिसतो?

कोणी म्हणेल, की मुक्याची इच्छा कळणार तरी कशी? मूर्तीच्या इच्छेविषयी न्यायालयाने काहीही म्हणावे; कुत्रा काय मागतो हे सांगणे हा आपल्याच मनाचा खेळ. या आक्षेपात तथ्य आहे. विशेषतः कुत्रा हा फार वाईट साक्षीदार आहे. तो आपले दुःख लपवितो, आणि धाप लागलेली असतानाही धनी दिसला की शेपूट हलवितो. शेपूट हा कबुलीजबाब मानला, तर जगात एकही कुत्रा आजारी ठरणार नाही. परंतु जेथे तोंडी पुरावा मिळत नाही तेथे आम्ही कागदोपत्री पुराव्याकडे वळतो, आणि सुदैवाने या प्रकरणी तसा पुरावा घरबसल्या तयार करता येतो.

बेळगावात माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्या घरी बारा वर्षांची एक पांढरी कुत्री आहे. श्वासनळी ढिली आणि झडपही गळकी, असे तिचे दुहेरी दुखणे. रोज रात्री ती गाढ झोपली की हे गृहस्थ घड्याळ लावून तिची छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते मोजतात. निरोगी कुत्र्याचा, आणि ज्याचा हृदयविकार औषधाने आटोक्यात आहे अशा कुत्र्याचाही, झोपेतला श्वास सामान्यतः मिनिटाला ३० च्या आत असतो. तो वारंवार त्यापलीकडे जाऊ लागला तर फुप्फुसात पाणी साठू लागल्याची ती बहुधा पहिली सूचना असते, आणि वैद्याला लगेच कळविले पाहिजे. हिरड्या वा जीभ निळसर दिसली, भोवळ आली, किंवा श्वासासाठी तिला आडवेच होता येईना, तर मोजत बसण्याची वेळ नव्हे; तडक दवाखाना गाठावयाचा. हे गृहस्थ आकडा लिहितात तो दुधाचा हिशेब लिहिण्याच्या कॅलेंडरावर, दुधाच्या आकड्याच्या शेजारी. एका महिनाअखेर सुनेने बेरीज करताना एका दिवसाला चोवीस लिटर दूध लावले, तेव्हापासून श्वास लाल शाईने लिहिले जातात.

या लाल आकड्यांना मी नीतिशास्त्रात स्थान देतो. ‘आज तिला बरे वाटते आहे’ या वाक्यात बोलणाऱ्याची आशा मिसळलेली असते. ‘आज चोवीस’ यात मिसळता येत नाही. स्वतःचा स्वार्थ काढून टाकण्याची प्रतिज्ञा कोणीही करील. आकडा ती प्रतिज्ञा थोडीफार पाळावयास लावतो. औषधांचेही हिशेब असेच उघडे मांडावे लागतात. स्टेरॉइडच्या गोळीने दाह झपाट्याने उतरतो, पण भूक व तहान वाढते, लघवीला रात्री-बेरात्री न्यावे लागते, आणि वजन वाढून आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. तेच औषध मुखवटा लावून वाफाऱ्याच्या नळीतून श्वासावाटे देता येते. त्याने शरीरावरचे दुष्परिणाम पुष्कळ कमी होतात. मात्र मुखवट्याची सवय लावावयास दोन-तीन आठवडे रोज थोडा थोडा वेळ जमिनीवर बसावे लागते. गोळी पिठाच्या गोळीत लपवून अर्ध्या मिनिटात जाते. येथे निवड वैद्यकाची की आपल्या वेळेची, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता आपल्या देवघराकडे येतो, कारण या नियतकालिकाच्या वाचकांना टोचेल तो भाग येथेच आहे. दुखणाईत श्वासनळीला धुरासारखा शत्रू नाही. विडी-सिगारेटचा धूर, डासांच्या वळ्याचा धूर, चुलीचा धूर, आणि त्याच ओळीत, मला सांगताना संकोच वाटतो, उदबत्तीचा, धुपाचा व कापराचाही धूर. धूर पवित्र हेतूने निघाला म्हणून फुप्फुसात गेल्यावर वेगळा वागत नाही. माजघराला लागून देवघर, दारे-खिडक्या लावलेल्या, चातुर्मासात सकाळ-संध्याकाळ धूप, आणि देवघराच्या उंबऱ्याशी खोकणारा जीव, हे चित्र आपल्या घरांत विरळा नाही.

‘देवाचे कमी करावयाचे काय कुत्र्यासाठी?’ असा प्रश्न एका वृद्ध बाईंनी मला विचारला, आणि तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य या पंचोपचारांत धुपाला स्वतःचे स्थान आहे. तथापि आपल्याच पूजाविधीत एक सुंदर सोय आहे: जो उपचार त्या दिवशी उपलब्ध नसेल, त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात. वस्त्र नाही, अक्षता. अलंकार नाही, अक्षता. कित्येक पिढ्यांच्या गरिबीत ही सोय आपण निःसंकोचपणे वापरली आहे. दारिद्र्यामुळे वस्तू नाही, तेव्हा देव अक्षता स्वीकारतो. मग शेजारी कोणाचा श्वास कोंडतो म्हणून वस्तू बाजूला ठेवली, तर त्याने अक्षता का नाकाराव्यात? ज्यांचे मन तेवढ्याने मानत नाही, त्यांनी आरती अंगणात तुळशीपाशी करावी, किंवा कुत्र्याला त्या वेळेपुरते दूरच्या हवेशीर खोलीत न्यावे. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळतात आणि फटाके उडतात, त्या दिवशी हे करण्यावाचून गत्यंतरच नसते.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. माणसांना औषध मिळत नाही अशा देशात कुत्र्याच्या सोनोग्राफीवर पैसे खर्च करणे ही नीती की विलास? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर आपण तो कुत्रा घरात आणला त्या दिवशी दिलेले असते. अनोळखी भुकेल्याचे आपल्यावर काही ऋण आहे, आणि ते मोठे आहे. परंतु ज्याला आपण त्याच्या आईपासून तोडून, आपल्या करमणुकीसाठी, आपल्या दाराच्या आत कडी लावून ठेवले, त्याचे ऋण निराळ्या प्रकारचे आहे. ते करारातून येते, भले करारावर एकच सही असो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे तिसरे कलम हेच सांगते: ज्याच्या काळजीत वा ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या हितासाठी सर्व वाजवी उपाय योजावेत व त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत. ‘सर्व’ आणि ‘वाजवी’ हे दोन शब्द एकमेकांना धरून आहेत. घर गहाण टाकून श्वासनळीत जाळी बसवून घेण्याची सक्ती त्यात नाही. हार्नेस, वजन, धूर, उकाडा, शांत झोप आणि वेळेवरची गोळी एवढे मात्र त्यात निश्चित येते, आणि बहुतेक कुत्र्यांची वर्षे एवढ्यावरच निभावतात. त्याच कायद्याने क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा. तेव्हा दंडाच्या भीतीने कोणी नीतिमान होईल, ही अपेक्षा कायद्याला स्वतःलाही नसावी.

शास्त्राने कुत्र्याला अशुचि मानले, हेही कोणी पुढे करील. मानले खरे. पण त्याच शास्त्राने वैश्वदेवाच्या वेळी कुत्र्याचा घास बाजूला काढावयास सांगितले. आणि महाभारताच्या आदिपर्वातच जनमेजयाच्या सत्रात एक फिर्याद दाखल होते, ती देवांची कुत्री सरमा हिची. तिच्या पोराने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते, ते चाटले नव्हते, आणि तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. ‘अपराध काय?’ असा सरळ प्रश्न तिने विचारला. समोरच्यांनी उत्तर दिले नाही. तेवढ्यावरून तिने शाप दिला, आणि राजा घाबरला. उत्तर न देणे हाच तेथे दोष ठरला, ही गोष्ट एका वकिलाच्या नजरेतून सुटत नाही.

सरमेचा तो प्रश्न आज एका वेगळ्या ठिकाणी विचारावयास हवा, आणि तो कुत्रा पाळणाऱ्याला नव्हे, पैदास करणाऱ्याला व विकत घेणाऱ्याला. चपट्या नाकाचे पग २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे आपल्याकडे घरोघर पोचले. ते गोजिरवाणे तोंड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निवडून आखूड केलेली कवटी. हाडे आखूड झाली, पण आतला मऊ टाळू तेवढाच राहिला. तो श्वासाच्या वाटेत लोंबतो, आणि नाकपुड्या फटीएवढ्या उरतात. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. ज्याची धापेची वाटच अरुंद, त्याने किनारपट्टीच्या दमट मे महिन्यात काय करावे? त्याचे घोरणे ऐकून आपण कौतुकाने हसतो. येथे दुखणे जन्माआधीच, गिऱ्हाइकाच्या पसंतीने, ठरलेले असते. नेदरलँड्समध्ये थूथन कवटीच्या एकतृतीयांशाहून आखूड असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीवर २०१९ पासून निर्बंध आले. नॉर्वेत कॅव्हेलियर जातीची पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याचा भंग करते, असा निकाल खालच्या न्यायालयाने २०२२ मध्ये दिला व तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो कायम ठेवला. आपल्याकडे पैदास व विक्रीविषयीचे नियम २०१७ साली झाले. पण नाकाची लांबी मोजणारा खरा निरीक्षक म्हणजे पिल्लू विकत घ्यावयास गेलेला बाप. मुलीचा हट्ट आणि पिल्लाचा श्वास यांत तो काय ऐकतो, यावर पुढची पैदास अवलंबून असते.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटासाठी राहतो, कारण आयुष्यातही तो शेवटीच येतो. औषधे वाढत जातात, उबळी थांबत नाहीत, आणि एके दिवशी वैद्य हलक्या आवाजात इंजेक्शनाचा विषय काढतात. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनांत पडले होते. गांधीजींनी आश्रमवासीयांशी विचारविनिमय केला, आणि डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याचा अंत करविला. त्यावर संतापाच्या पत्रांचा त्यांच्यावर वर्षाव झाला, विशेषतः गुजरातेतून. आणि त्यांनी आपली भूमिका लेख लिहून जाहीरपणे मांडली. तिचे मर्म माझ्या समजुतीप्रमाणे असे, की सेवेने ज्याचे दुःख हलके करता येत नाही, अशा जिवाविषयीच हा विचार संभवतो. जेथे सेवा शक्य आहे तेथे सेवेचा कंटाळा या विचाराच्या आड लपू शकत नाही. कायद्यालाही ही सीमा ठाऊक आहे: १९६० च्या त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात, प्राण्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशी स्थिती मान्य केली आहे.

युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, ही कथा अशा वेळी दोन्ही बाजूंचे वकील उद्धृत करतात. एक म्हणतो, पाहा, त्याने शेवटपर्यंत सोडले नाही. म्हणून इंजेक्शन नको. मला त्या कथेत वेगळेच दिसते. इंद्र सांगत होता तो व्यवहार असा, की कुत्र्याला टाक आणि आपले सुख घे. युधिष्ठिराने आपले सुख टाकले. प्रश्न जर असा असेल, की मी तिला आणखी एक महिना खोकत ठेवतो तो तिच्यासाठी की तिच्यावाचून घर सुने वाटेल म्हणून, तर कधीकधी जवळ ठेवणे हेच इंद्राचे म्हणणे मान्य करण्यासारखे होते. आणि कधीकधी घाईने निरोप देणे हेही. बाहेरून सांगता येत नाही. म्हणूनच मुखत्याराने हा निर्णय एकट्याने, आणि त्या रात्रीच्या रडण्यात, घेऊ नये.

बेळगावच्या त्या गृहस्थांनी याची तजवीज कुत्री बरी असतानाच करून ठेवली आहे. एका कागदावर त्यांनी तीन ओळी लिहिल्या: सकाळी फाटकाची कडी वाजली की ती उठून दारापर्यंत येते, नात शाळेतून आली की तिची पिशवी हुंगते, रात्री कुशीवर आडवी होऊन झोपते. यांतल्या दोन गोष्टी बंद झाल्या, आणि वैद्याने औषधात आणखी बदल करण्यासारखा उरला नाही असे सांगितले, की विचार करावयाचा. कागद मात्र त्यांनी स्वतःजवळ ठेवला नाही. सुनेच्या स्वाधीन केला. तिला कुत्र्यांची मुळीच आवड नाही, लग्न होऊन आली तेव्हा केसांवरून तिने पुष्कळ कुरकुर केली होती. आणि तेच तिच्या नेमणुकीचे कारण आहे, असे ते म्हणतात. अलीकडे रात्री उबळ आली की प्रथम उठते तीच, ही गोष्ट त्यांनी मला जरा चिंतेच्या स्वरात सांगितली. गेल्या आषाढात पहिल्या ओळीवर काट पडली. कडी वाजली की ती आता जागेवरूनच मान उचलते. उरलेल्या दोन ओळी, मी परवा गेलो होतो तेव्हा, शाबूत होत्या, आणि कॅलेंडरावर आदल्या रात्रीचा आकडा लाल शाईत सव्वीस होता.